एप्रिल-मे कसा पार पाडता? दोन मुलं, दोन बोर्डं, गावी लग्न आणि वेटिंगचं तिकीट

बोरिवली_फास्ट

नमस्कार मंडळी,

दर वर्षी मार्च संपत आला की आमच्याकडे थोडीफार ओढाताण असतेच पण यंदा सगळंच एकदम अंगावर आलंय म्हणून इथे विचारतेय. ऑफिसात विचारून उपयोग नाही, तिथे अर्ध्यांना मुलं नाहीत आणि उरलेल्यांच्या आया शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतात.

तर थोरला सीबीएसईला आहे, त्याची सातवी संपली, निकाल पण लागतोय या आठवड्यात आणि एप्रिल उजाडला की आठवी सुरू. धाकटी स्टेट बोर्डाला तिसरीत, तिची वार्षिक अजून व्हायचीय. म्हणजे एकाच टेबलावर एकाच्या नव्या वह्यांना कव्हरं घालायचीत आणि दुसरीची जुन्याच पुस्तकातली उजळणी घ्यायचीय. दोघांना एका शाळेत का नाही घातलं हे कृपया विचारू नका, ते सांगायला वेगळा धागा काढावा लागेल आणि त्यात सासरच्यांची भांडणं पण येतील.

सासूबाई-सासरे शिमग्याला गावी गेले (कणकवलीजवळ) ते आता पाऊस पडल्याशिवाय परत येत नाहीत. काजू आहे, आंबा आहे, कोकमं आहेत, त्यांचं पण बरोबरच आहे म्हणा. पण त्यामुळे इथे घरी कोणी नाही. धाकटीची शाळा सकाळची झालीय उन्हामुळे, ती साडेअकराला घरी, थोरला तीनला, मी सातला. नवरा बँकेत. ३१ मार्चपर्यंत तो घरात आहे असं धरायचंच नाही, आणि १ एप्रिलला बँक लोकांसाठी बंद असते तेव्हा सुद्धा हे आत बसून क्लोजिंगच करत असतात.

आणि या सगळ्यात धाकट्या दिराचं लग्न, मेच्या पहिल्या आठवड्यात, गावीच. यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय तो १५ जूनपर्यंत, त्यामुळे ज्याला त्याला त्याच्या आतच उरकायचंय, हॉल नाही, आचारी नाही, बँडवाला नाही आणि गाडीला तिकीट तर नाहीच नाही. बुकिंग साठ दिवस आधी उघडतं ना आता, म्हणजे १ मेचं २ मार्चला सकाळी आठला उघडलं, आणि तेव्हा धाकटीच्या शाळेने वेळापत्रकच दिलं नव्हतं, मग काढायचं कुठल्या तारखेचं? वेळापत्रक हातात आलं तोवर सगळीकडे वेटिंग. आता चौघांचं मांडवी एक्सप्रेसचं वेटिंग धरून बसलोय.

सासूबाईंचा रोज फोन. सगळे एकत्र या, आठ दिवस आधी या, आणि येताना मसाला करून आणा, लग्नघर आहे, इथला कमी पडेल. मला हसावं का रडावं कळत नाही.

तुम्ही लोक हे कसं जमवता? तिकिटाचं काय करू, दुपारचं धाकटीचं काय करू आणि मसाल्याचं काय करू? कुठल्याही एकाचं उत्तर दिलंत तरी चालेल.

---

तुतारीवाला

ताई, आमचं गाव कुडाळ, राहायला दहिसर, त्यामुळे तुमचा धागा वाचून घरी बायकोला पण वाचायला दिला.

तिकिटाचं सांगतो. मांडवीचं वेटिंग ठेवा, सोडू नका, पण त्यावर विसंबू पण नका. चार्ट लागल्यावर ऑनलाइनचं पूर्ण वेटिंग आपोआप रद्द होतं, गाडीत चढता येत नाही, आणि ते कळतं तेव्हा बॅगा भरून झालेल्या असतात. दुसरं म्हणजे आपण वेस्टर्नवाले सगळे उगाच दादर-ठाण्याकडे बघत बसतो, २०२४ च्या ऑगस्टपासून बांद्रा-मडगाव गाडी सुरू झालीय ती बोरिवली, वसईवरून जाते, बुधवार आणि शुक्रवारी सकाळी. १ मे शुक्रवारच आहे बघा. ती पण भरलेली असेल पण तिचं वेटिंग मांडवीपेक्षा लवकर हलतं असा माझा तरी अनुभव आहे, कारण अजून बऱ्याच लोकांना ती लक्षातच येत नाही (आता इथे लिहिलं म्हणजे येईल, असो).

तुतारी एक्सप्रेस बघत असाल तर तारीख नीट बघा. ती दादरहून रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, म्हणजे ३० एप्रिलच्या रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट १ मेचं पाहिजे. दर वर्षी कोणीतरी आदल्या दिवशीचं तिकीट घेऊन दुसऱ्या रात्री प्लॅटफॉर्मवर उभं असतं आणि टीसी समजावत असतो.

तत्काळचा विचार असेल तर आयआरसीटीसीच्या अकाउंटला आधार जोडून ठेवा आत्ताच, २०२५ च्या जुलैपासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ मिळत नाही. एसीचं दहाला उघडतं, स्लीपरचं अकराला, आदल्या दिवशी. उन्हाळी स्पेशल पण सोडतात दर वर्षी मध्य रेल्वे आणि कोकण रेल्वे, त्याची घोषणा झाली की त्याच दिवशी बसायचं मोबाईल घेऊन, भाडं थोडं जास्त असतं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. चौघांनी एकत्र जायचा हट्ट सोडा. चार बर्थ एकदम मिळणं आणि दोन-दोन मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुमची परीक्षेची तारीख, त्यांची बँक, थोरल्याची शाळा हे तिन्ही काय एका दिवशी सुटणारेत का? नाही ना? मग माणसं तरी एका दिवशी का निघायला पाहिजेत.

---

खडूफळा

शिक्षिका आहे, अनुदानित शाळेत, म्हणून वेळापत्रकाचं बोलते, कारण पालकांचे सगळ्यात जास्त फोन त्याचेच येतात आणि शिव्या आम्हाला पडतात.

वेळापत्रक आमच्या हातात असतं तर आम्ही जानेवारीतच दिलं असतं, आम्हाला पण गावं आहेत. २०२५ साली आठवत असेल, एससीईआरटीने (राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने) पहिली ते नववीच्या परीक्षा सगळ्या राज्यात एकाच वेळी ठेवल्या, ८ ते २५ एप्रिल. त्याआधी बऱ्याच शाळा एप्रिलच्या मध्यापर्यंत मोकळ्या व्हायच्या. तेव्हा किती जणांची तिकिटं काढून झाली होती! मुख्याध्यापकांनी, संघटनांनी विरोध केला कारण २५ ला शेवटचा पेपर आणि १ मेला निकाल, मधे तपासायचं कधी, गुण भरायचे कधी, प्रगतिपुस्तकं लिहायची कधी. साठ मुलांचा वर्ग असला की ते सगळं चार-पाच दिवसांत होतं कसं हे आमच्या घरच्यांना विचारा, एप्रिलच्या शेवटी आमच्या घरी वरण-भात आणि लोणचं एवढंच शिजतं. हो, लोणचं शिजत नाही, पण तुम्हाला कळलं.

तर एवढंच सांगेन की शेवटचा पेपर कुठला आहे ते बघा. पुष्कळदा शेवटचे दिवस कार्यानुभव, कला, शारीरिक शिक्षण, तोंडी असे असतात आणि ते आधी उरकता येतात. वर्गशिक्षिकेला आत्ता, म्हणजे आजच, भेटून सांगा की घरचं लग्न आहे. दोन दिवस आधी येऊन अर्ज हातात ठेवणाऱ्या पालकांचं काही करता येत नाही, पण महिनाभर आधी सांगितलं तर बहुतेक शाळा तोंडी परीक्षा पुढे-मागे करतात. लेखी मात्र चुकवू नका. तिसरीला नापास करत नाहीत हे खरं, पण मग पालक तेच कारण सांगून सगळेच पेपर चुकवायला लागतात, आम्ही कोणाकोणाला हो म्हणायचं. आणि पुढे पाचवीला आणि आठवीला हे चालणार नाही हे लक्षात ठेवा, तिथे आता वार्षिक परीक्षा पास व्हावीच लागते, नाहीतर पुनर्परीक्षा, आणि त्यातही नाही झालं तर त्याच वर्गात.

१ मेच्या निकालाला तुम्ही स्वतः आलंच पाहिजे असं काही नाही. शेजारच्या कोणाला अधिकारपत्र लिहून द्या, आमच्याकडे तरी चालतं, तुमच्या शाळेत विचारून घ्या.

---

गिरगावकर_जुना

कशाला एवढी डोकेफोड? आमच्या वेळी शेवटचा पेपर टाकला की त्याच रात्रीच्या एसटीत मुलांना बसवायचे, कंडक्टरला सांगायचे हे अमक्याच्या स्टॉपवर उतरतील, आणि ती मुलं थेट जूनमध्ये परत यायची, काळी होऊन, गुडघे फोडून. ना कॅम्प, ना पाळणाघर, ना वेळापत्रक. आजकाल पालकांनीच सगळ्याचा बाऊ करून ठेवलाय.

---

अंजीर

@गिरगावकर_जुना, काका, तुमच्या वेळी एसटीत कोणी बसवायचं तुम्हाला? आणि डबा कोणी भरून द्यायचं, कपडे कोणी भरायचं, गावी पोचल्यावर दोन महिने पंधरा-वीस पोरांचं रांधायचं कोण? त्या सगळ्या जणी तुमच्या आठवणीत नाहीयेत कारण त्या स्वयंपाकघरात होत्या. माझी आई त्यातली एक. मे महिना आला की ती आजपण म्हणते सुट्टी तुम्हाला होती.

राग नाही हां, पण दर एप्रिलला हा प्रतिसाद येतोच कुठल्या ना कुठल्या धाग्यावर.

---

गिरगावकर_जुना

मान्य. आमच्या आत्या होत्या गावी, दोघीही. पहाटे चूल पेटायची ती रात्रीच विझायची. पण एसटीचा मुद्दा तरी घ्या की! बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून सुटतात कोकणच्या गाड्या, बाईंना तर जवळच आहे. २०२३ च्या मार्चपासून महिलांना अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, आणि आमच्यासारख्या पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर फुकट. मी आता बायकोपेक्षा स्वस्तात जातो.

---

तुतारीवाला

+१ एसटीला. फक्त मुंबई-गोवा हायवेवर पोचायची वेळ विचारायची नाही, आपण लहान होतो तेव्हापासून तो रस्ता होतोय. मुलीला गाडी लागत असेल तर पुढची सीट बघा आणि रात्रीची गाडी घ्या.

---

मिरचीगल्ली

सगळे तिकिटावरच बोलतायत, मसाल्याचं कोणी घेतलंच नाही, तो तर माझा विषय! माहेर लालबाग, त्यामुळे लहानपण सगळं मिरच्या कुटण्याच्या आवाजात आणि ठसक्यात गेलंय.

बोरिवली_फास्ट, तू सासूबाईंना नाही म्हणू शकत नसशील तर निदान घरी करू नकोस. मिरच्या आणायच्या, देठं काढायची, गच्चीवर कडक ऊन दाखवायचं, दुपारी कबुतरं हाकलायला कोणीतरी बसायचं, मग भाजायचं, मग डंखावर (मसाला कुटायच्या गिरणीवर) न्यायचं, या सगळ्याला घरात दिवसभर एक रिकामं माणूस लागतं आणि ते तुझ्याकडे नाहीये. शिवाय परीक्षेच्या आठवड्यात घरात मिरची भाजलीस तर लेकीचा अभ्यास शिंकांमध्येच जाईल.

त्यापेक्षा एका रविवारी सकाळी लालबागला ये. मेगाब्लॉक नाहीये ना बघून ये. मिरची गल्लीत मिरची निवडून घ्यायची, तिथेच खडा मसाला, तिथेच भाजून देतात, तिथेच कुटून देतात, नंबर लावायचा आणि थांबायचं. एप्रिलमध्ये रांग असते म्हणून दुकानं उघडतात तेव्हाच पोच, अकरानंतर गेलीस तर अर्धा दिवस गेला समज.

मिरची घेताना रंगाला बेडगी आणि तिखटाला संकेश्वरी, थोडी काश्मिरी घातलीस तर रस्सा लालभडक दिसतो. लग्नघरासाठी न्यायचाय तर संकेश्वरी बेतानेच घाल, पाहुण्यांत मुंबईची पोरं पण असणारेत. बेडगी घेताना सुरकुतलेली, काळपट लाल बघून घे, आणि मूठभर उचलून खुळखुळव, बियांचा कोरडा आवाज आला पाहिजे. मऊ लागली, हाताला चिकटली तर तिला ओल आहे, तो मसाला पावसाळ्यात बुरशी धरतो. काही दुकानदार वजनाला बरी म्हणून ओलसरच पुढे करतात, मागच्या पोत्यातली मागायची सरळ. देठं काढलेली पण मिळते, किलोमागे थोडे जास्त जातात पण तुझ्यासारखीने तीच घ्यावी. स्वतः काढणार असलीस तर हाताला आधी खोबरेल लाव, नाहीतर रात्री झोप नाही, आणि त्या हाताने लेन्स तर अजिबात काढू नकोस!

खडा मसाल्यात धणे जास्त, बाकी बडीशेप, दगडफूल, चक्रीफूल, जायपत्री, नागकेशर, मसाला वेलची, हळकुंड वगैरे. प्रमाण मी सांगणार नाही, सासूबाईंनाच विचार, मालवणी माणसाला दुसऱ्याचं प्रमाण कधी पटत नाही. कुटून आणलेला मसाला गरम असतो, लगेच डब्यात भरू नकोस, कागदावर पसरून पूर्ण गार होऊ दे.

---

बोरिवली_फास्ट

किती पटापट उत्तरं दिलीत, खूप बरं वाटलं.

@खडूफळा, तुमचं वाचलं आणि आज बाईंना भेटून आले. लेखी पेपर २४ ला संपतायत, त्यानंतर तोंडी आणि कार्यानुभव आहे, बाई म्हणाल्या अर्ज द्या, मी तिचं आधीच्या आठवड्यात घेते. इतकं सोपं असेल असं वाटलंच नव्हतं. बाई स्वतः चिपळूणच्या निघाल्या.

@मिरचीगल्ली, देठं काढलेलीच घेणार, ठरलं. सासूबाईंना फोन करून प्रमाण विचारलं तर अर्धा तास सांगत होत्या, मूठभर, ओंजळभर, अंदाजाने, असं सगळं. मी म्हटलं तुम्ही दुकानदाराशीच बोला फोनवर.

@तुतारीवाला, वेगवेगळं जायचं म्हणजे घरी वादच आहे. सासूबाईंचं म्हणणं लग्नघरात मुलगा-सून-नातवंडं एकत्र उतरली पाहिजेत, लोक बघतात. आणि दुपारचा प्रश्न अजून तसाच आहे, त्याचं कोणीच काही सांगितलं नाही.

---

अंजीर

दुपारचं मी सांगते, आम्ही हे केलंय. एकटीला ठेवू नकोस, तिसरीतली मुलगी तीन-साडेतीन तास एकटी म्हणजे तुझं ऑफिसात लक्ष लागणार नाही, बाकी काही झालं नाही तरी. जवळपास पाळणाघर असेल तर जाऊन विचार, एप्रिल-मेपुरती मोठी मुलं पण घेतात बऱ्याच ठिकाणी, फक्त जेवण तिथलं की आपला डबा हे आधी ठरव आणि इतर मुलं कुठल्या वयाची आहेत ते बघ, नाहीतर ही बिचारी दीड वर्षांच्या पोरांमध्ये बसलेली असते.

आमच्याकडे मात्र वेगळं जमलं. पोळ्यांना येणाऱ्या मावशी सकाळी आठला यायच्या, त्यांना विचारलं की एप्रिलपुरतं साडेअकराला याल का, पोळ्या करा, मुलीला गरम वाढा, आणि थोरला येईपर्यंत थांबा, वेळेचे वेगळे पैसे देते. त्यांना उलट बरं पडलं, दुपारी दोन घरांच्या मधे त्या खाली जिन्यात बसून असायच्या, ते पंख्याखाली बसायला मिळालं. पैसे मात्र नीट दे गं, "थांबायचंच तर आहे" असं म्हणून शंभर-दोनशे टेकवणाऱ्या बायका मी बघितल्यात आमच्याच मजल्यावर.

थोरल्याचं पण बघ हां. त्याला "बहिणीकडे लक्ष ठेव" एवढंच सांगितलंस तर तो मोबाईल घेऊन बसेल, आल्यावर तिला खायला देणं हे त्याचं काम असं नेमकं सांगून ठेव.

---

डब्बल_शिफ्ट

सीबीएसईवाला बाप आहे, थोरल्याबद्दल एक-दोन गोष्टी. एप्रिलमध्ये शाळा फक्त ओळखपाळख करून घेते असं समजू नका, आमच्याकडे मेची सुट्टी लागायच्या आत दोन धडे प्रत्येक विषयाचे होतात आणि जूनमध्ये शाळा उघडल्यावर लगेच चाचणी असते. लग्नासाठी एप्रिलच्या शेवटी त्याला आठ दिवस आधी नेलंत तर नंतर भरून काढताना तुमचाच जीव जाईल. त्यापेक्षा बाबा आणि तो मागाहून जाऊ देत.

पुस्तकांचं म्हणजे, वरच्या वर्गातल्या कोणाची जुनी मिळाली तर घ्या, पण आठवीची एनसीईआरटीची पुस्तकं २०२५ मध्ये बदलली, त्यामुळे फक्त गेल्या वर्षी आठवीत असलेल्याचीच चालतील, त्याआधीचा संच कोणी प्रेमाने दिला तरी घेऊन ठेवू नका. वह्या एकदम घ्यायच्या असतील तर क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला अब्दुल रहमान स्ट्रीटला होलसेलमध्ये डझनाने मिळतात, बिल्डिंगमधल्या तीन-चार जणांनी मिळून एकाने आणायच्या. आमच्या मजल्यावर हे काम माझ्याकडे असतं, कारण मी चर्चगेटला कामाला आणि कोणाला नाही म्हणता येत नाही.

---

पाणकोंबडा

अवांतर होईल पण लग्नाहून परत आल्यावर उरलेला मे आहेच की. कॅम्पचे हजारो रुपये भरण्याआधी महापालिकेच्या तरणतलावांची चौकशी करा, उन्हाळ्यात २१ दिवसांच्या शिकवणीच्या बॅचेस असतात, नोंदणी ऑनलाइन, आणि जागा लगेच संपतात. दादरला राहत असतात तर शिवाजी पार्कला मल्लखांब सुचवला असता, बोरिवलीहून रोज दादर म्हणजे मुलांपेक्षा आईबापच शिकतील. एखाद्या दिवशी राणीच्या बागेत न्या, पेंग्विनसाठी, फक्त बुधवारी नको, बुधवारी बंद असते.

आणि मधले काही दिवस काहीही न करता लोळू द्या त्यांना. कंटाळा आला म्हणाली की मी आमच्या मुलीला आमरसासाठी आंबे पिळायला बसवतो, अर्धा तास जातो आणि बाथरूमपर्यंत पिवळी पावलं उमटतात.

---

मिरचीगल्ली

आंब्यावरून आठवलं, पेटीचा काय भाव चाललाय कोणाला माहितेय का? आमच्याकडे पाडव्याला एक आणली ती देवगड म्हणून, वरचा थर देवगड होता.

---

तुतारीवाला

पेटी गावाहूनच आणणार आम्ही, मुंबईत मार्चमध्ये हापूस घेणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण. मे लागला की भाव उतरतो आणि खरी गोडी पण तेव्हाच येते. घेतलाच तर बागायतदाराचं नाव आणि जीआयचा (भौगोलिक मानांकनाचा) क्यूआर असलेली पेटी बघा, हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळालंय ते त्यासाठीच. नाहीतर कर्नाटकचा आंबा खाऊन देवगडला नावं ठेवायची.

---

बोरिवली_फास्ट

अपडेट द्यायला आले, कारण विचारून गायब होणाऱ्या धागाकर्त्यांचा मला पण राग येतो.

अंजीर, मावशींशी बोलले. साडेअकरा ते तीन, महिन्याचे पैसे ठरले. त्यांनीच एक अट घातली, बाई टीव्हीवर माझी मालिका लावणार. मी म्हटलं लावा, फक्त हिचा २४ ला पेपर संपेपर्यंत आवाज कमी. लेक मात्र खूश आहे, तिला ती मालिका आधीपासून माहिती आहे म्हणे, कशी काय ते मी विचारलं नाही.

तिकिटाचं ठरलं ते असं की मी आणि धाकटी २६ ला रात्रीच्या एसटीने पुढे, मला रजा मिळालीय आणि तेवढीच सासूबाईंना कामाला एक माणूस. नवरा आणि थोरला १ मेच्या बांद्रा-मडगावने, चौघांचं बघत होतो तेव्हा वेटिंग दाखवत होतं, दोघांचं बघितलं तर आरएसी मिळालं. मांडवीचं वेटिंग काढून टाकलं. निकाल आणायला खालच्या मजल्यावरच्या काकू जाणार, त्यांच्या नातीचा पण त्याच शाळेत आहे.

एकत्र उतरण्याचं मी सासूबाईंना पटवायला गेलेच नाही, सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले सून आठ दिवस आधी येतेय ते लोकांना दिसेल, बाकीचं मी बघतो. नंतर आतून सासूबाईंचा आवाज आला, मसाला कोणासोबत येणार ते विचारा.

---

मिरचीगल्ली

तुझ्यासोबतच ने, एसटीत पायाशी ठेव, वरच्या कॅरियरवर ठेवून पिशवी फुटली तर अख्खी गाडी खोकेल. डबल पिशवी, वरून कापडी, आणि जो घरी ठेवशील त्या बरणीत हिंगाचे खडे टाकायला विसरू नकोस. लालबागला कुठल्या रविवारी येतेयस ते कळव, मी पण आईकडेच असेन.

---

बोरिवली_फास्ट

१२ तारखेला जमेल असं वाटतंय, मेगाब्लॉकचं शनिवारी बघून सांगते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.